कुत्रा घेऊन स्पेनला जाताय? आधी “पेर्रो” आणि “पेरो” वेगळे करा

स्पेनमध्ये कुत्र्यासह राहायला आलेली मराठी माणसं एकच तक्रार करतात. ॲपवर स्पॅनिश शिकण्यात सहा महिने घालवले, वाक्यं तोंडपाठ आहेत, तरी पार्कातल्या आजीबाईंना आपलं एक अक्षर कळत नाही. कारण बहुतेक वेळा एकच असतं. रोमन लिपी आपण इंग्रजीबरोबर शिकलो, त्यामुळे ती दिसली की जीभ आपोआप ट, ड, ॲ, ऑ करायला लागते. स्पॅनिशमध्ये यातलं काहीच नाही. उलट त, द, प, क, ञ हे सगळं आहे आणि ते आपल्या तोंडात जन्मापासून आहे. नवीन शिकायचे आवाज मोजून तीन-चार. तेव्हा इंग्रजीच्या वाटेने जाऊच नका.

क्रमही महत्त्वाचा आहे. आधी आवाज, मग जोर, मग आकडे आणि शेवटी वाक्यं. वाक्यांपासून सुरुवात केली की चुकीचा उच्चार पक्का बसतो आणि तो मोडायला दुप्पट वेळ लागतो.

## तयारी: वही, फोन आणि चार महिने

भारतातून युरोपीय संघात कुत्रा नेताना मायक्रोचिप आणि त्यानंतर रेबीजची लस लागते. लसीनंतर किमान 30 दिवसांनी रक्ताचा नमुना संघाने मान्य केलेल्या प्रयोगशाळेत द्यायचा आणि नमुना घेतल्यापासून 3 महिने थांबायचं. म्हणजे चार महिने तसेही हातात आहेत. रोज पंधरा मिनिटं पुरतात.

वहीत स्पॅनिश शब्द देवनागरीतच लिहा. या लेखात मी अशा खुणा वापरल्या आहेत:

- ज्या अक्षरावर जोर, त्याच्या आधी ' अशी खूण. उदाहरणार्थ बो'साल (मुसकी). एका अक्षराच्या शब्दांना खूण नाही.
- र्र म्हणजे थरथरणारा र. तो शब्दाच्या सुरुवातीलाही येतो.
- ख़ (खाली टिंब) म्हणजे घशातला खरखरीत आवाज. आपला ख नव्हे.
- ऱ्हस्व-दीर्घाकडे लक्ष देऊ नका. स्पॅनिशमध्ये तो भेद नाही.

फोनचा रेकॉर्डर हाताशी ठेवा. स्वतःचा आवाज ऐकायला कसंसंच वाटतं, पण दुसरा उपाय नाही.

## टप्पा 1: पाच स्वर, तेवढेच

आ, ए, इ, ओ, उ. अक्षर कुठेही येवो, उच्चार तोच. कुत्रा म्हणजे 'पेर्रो. “पॅरो” नाही, “पेरोऊ” तर अजिबात नाही. हॉस्पिटल म्हणजे ओस्पि'ताल: एच मुका आणि ऑ नाही.

मराठीतली एक सवय मात्र आड येते. “घर”, “पाऊस” म्हणताना शेवटचा अ आपण गिळतो. स्पॅनिशमध्ये शेवटचा स्वर गिळला तर नर-मादीच बदलते. 'ब्वेनो म्हणजे गुणी (कुत्रा), 'ब्वेना म्हणजे गुणी (कुत्री). आपल्या “शहाणा-शहाणी”सारखंच. शेवट स्पष्ट म्हणा.

आणि ज्या “इस्टेशन”, “इस्कूल”ला आपण हसायचो, तीच पद्धत स्पॅनिशची आहे. एस + व्यंजन अशी सुरुवात त्यांनाही जमत नाही, म्हणून आधी ए लागतो: एस्तास्'योन, एस्'क्वेला.

## टप्पा 2: जे आधीच येतं ते वापरा

टी दिसला की त, डी दिसला की द. ट आणि ड कायमचे विसरा. शहराचं नाव मा'द्रिद आहे, “मॅड्रिड” नाही. दोन स्वरांमधला द मऊ असतो: जीभ दातांना लावायची, पण हवा अडवायची नाही.

डोक्यावर लाट असलेला एन म्हणजे ञ, “न्य”. इथे हयगय करू नका. कुत्र्याचं वय सांगताना 'आन्योस (वर्षं) ऐवजी 'आनोस म्हणालात, तर “माझ्या कुत्र्याला तीन गुदद्वारं आहेत” असं ऐकू जातं. मी हे नव्याने आल्यावर एका भरलेल्या प्रतीक्षागृहात म्हणालो होतो. कोणी हसलं नाही, सगळे आपापल्या फोनकडे बघू लागले. ते जास्त वाईट होतं.

डबल एल म्हणजे य, क्वचित किंचित ज मिसळलेला. गळपट्टा को'यार, चिकन 'पोयो. “पोलो” म्हणालात तर दुकानदार भलतंच काही शोधेल.

सीएच म्हणजे “चहा”तला च, “चोर”मधला नाही. पिल्लू म्हणजे का'चोर्रो. लिहिलेलं बघून मराठी माणूस हमखास चोर म्हणतो. सावध राहा.

## टप्पा 3: नवीन आवाज

थरथरणारा र्र. मराठीतला र जिभेचा एकच टोला असतो. तो दोन स्वरांमधल्या एका आरसाठी बरोबर आहे: 'पेरो, म्हणजे “पण”. कुत्र्यासाठी मात्र जीभ थरथरली पाहिजे. हा आवाज आपल्याकडे नाही असं वाटतं, पण तो आहे: चिमणी भुर्रकन उडाली, कापड टर्रकन फाटलं, पोरगं गर्रकन वळलं. “भुर्रकन” दहा वेळा म्हणा. मग “भुर्र”वर थांबा, मग “भु” काढून टाका. उरतो तो स्पॅनिश र्र. शब्दाची सुरुवात आरने झाली तरी हाच: 'र्रासा (जात), 'र्राब्या (रेबीज), 'र्राबो (शेपूट).

ख़. जे हे अक्षर, आणि ई किंवा आयच्या आधी आलेला जी. घसा साफ करताना जो “ख्ख” येतो, त्याच्या अर्ध्या जोराने. मराठी ख म्हणालात तर स्पॅनिश कानाला तो क वाटतो. जमलं नाही तर ह म्हणा. दक्षिण स्पेन आणि लॅटिन अमेरिकेचा बराच भाग तसंच बोलतो.

ब आणि व्ही. दोन्ही अक्षरांचा आवाज एकच. शब्दाच्या सुरुवातीला ब: लस म्हणजे बा'कूना. दोन स्वरांच्या मध्ये ओठ पूर्ण न मिटता, ब आणि व यांच्या मधला. बोलताना तुमचा व चालून जाईल, पण ऐकताना गोंधळ होतो. वहीत व लिहून ठेवलेला शब्द समोरून ब होऊन येतो आणि ओळखू येत नाही. म्हणून वहीत ब लिहा.

झेड, आणि ई-आयच्या आधीचा सी. माद्रिदमध्ये इथे जीभ दातांच्या मध्ये घेऊन फुंकर मारतात. मराठी थ त्याच्या जवळपासही नाही. त्यांना तो त ऐकू येतो. माझा सल्ला: सरळ स म्हणा. दक्षिण स्पेनमधल्या अंदालुसियाचे बरेच लोक, कॅनरी बेटं आणि अख्खी लॅटिन अमेरिका स म्हणते, कोणी भुवई उंचावत नाही. एक गंमत मात्र सोसावी लागेल. “माझा कुत्रा कबुतरांची शिकार करतो” यातला 'कासा फुंकरीचा हवा. स म्हटलात तर कुत्रा कबुतरांची लग्नं लावतो.

> तपासणी. रेकॉर्ड करा: मि 'पेर्रो एस 'ब्वेनो, 'पेरो 'त्येने 'म्येदो (माझा कुत्रा गुणी आहे, पण घाबरतो). एका तासाने परत ऐका. 'पेर्रो आणि 'पेरो तुम्हालाच सारखे ऐकू आले, तर पुढे जाऊ नका.

## टप्पा 4: जोर

मराठीत आपण अक्षरं बऱ्यापैकी सपाट म्हणतो. स्पॅनिशमध्ये जोर हलला की शब्द बदलतो. नियम छोटा आहे:

1. शब्दाच्या शेवटी स्वर, एन किंवा एस असेल तर शेवटून दुसऱ्या अक्षरावर: को'र्रेआ (हातात धरायचा पट्टा), बा'कूनास (लसी).
2. दुसरं व्यंजन असेल तर शेवटच्यावर: बो'साल, को'यार.
3. स्वरावर तिरकी रेघ काढलेली असेल तर वरचे दोन्ही नियम रद्द, रेघ तिथे जोर: आर्'नेस (हार्नेस).

कुत्रेवाल्यांना लागणारी जोडी: नो 'बेबे म्हणजे “पाणी पीत नाही”. बे'बे म्हणजे तान्हं बाळ. डॉक्टरांसमोर दुसरं म्हणू नका.

## टप्पा 5: आकडे, विशेषतः 2 आणि 12

लोक हा टप्पा गाळतात आणि नेमके इथेच धोक्यात येतात. दोस म्हणजे 2, 'दोसे म्हणजे 12. 'कादा दोस 'ओरास म्हणजे दर दोन तासांनी. 'कादा 'दोसे 'ओरास म्हणजे दर बारा तासांनी. गोळी देताना हा फरक किती मोठा आहे ते सांगायला नको. तसंच त्रेस 3, 'त्रेसे 13. बिल ऐकताना से'सेन्ता 60 आणि से'तेन्ता 70.

> तपासणी. औषधाची वेळ कळली असं वाटलं तरी घड्याळ लावून उलट विचारा: आ लास 'ओचो दे ला मा'न्याना, इ आ लास 'ओचो दे ला 'नोचे? (सकाळी आठला आणि रात्री आठला?) शंका राहिलीच तर: मे लो 'प्वेदे एस्क्रि'बिर? (लिहून देता का?)

## टप्पा 6: रस्त्यावर आणि पार्कात

लिफ्टमध्ये, पार्काच्या फाटकात, दुकानात शिरताना 'ब्वेनास म्हणायचं. निघताना 'आस्ता 'ल्वेगो, अगदी अनोळखी माणसालाही. हे न म्हणता थेट कुत्र्याबद्दल बोलायला लागणं उद्धटपणाचं वाटतं.

मग पुढचे प्रश्न येणार म्हणजे येणारच, बहुधा याच क्रमाने. ते बोलता येण्याआधी ऐकून ओळखता आले पाहिजेत:

- एस 'माचो ओ 'एम्ब्रा? (नर की मादी?)
- 'कोमो से 'यामा? (नाव काय?)
- 'क्वान्तोस 'आन्योस 'त्येने? (वय किती?)
- दे के 'र्रासा एस? (जात कोणती?)
- 'म्वेर्दे? (चावतो का?)
- लोस सोल'तामोस? (सोडायचे का दोघांना मोकळे?)

उत्तरं: एस 'माचो. 'त्येने त्रेस 'आन्योस. नो 'म्वेर्दे. आपला गावठी कुत्रा असेल तर एस मेस्'तीसो, दे ला 'इन्द्या. मग पंधरा मिनिटं गप्पा ठरलेल्या. सोडायचा नसेल तर मे'ख़ोर नो, 'त्येने 'म्येदो (नको, घाबरतो). नुसतं “नो” म्हणून वळू नका.

नावाचा विचार आधीच करून ठेवा. आमच्या राजाचं नाव पासपोर्टवर जे घालून लिहिलं होतं. दवाखान्यात 'र्राख़ा, 'र्राख़ा असा पुकारा होत राहिला, मी शांत बसलो होतो आणि नंबर गेला. स्पॅनिशमध्ये 'र्राख़ा म्हणजे चीर, भेग. मोती असेल तर प्रश्नच नाही. वाघ्याचा बाग्या होईल, तेवढं चालवून घ्या.

काही सूचना:

- कुत्रीला 'पेर्रा म्हणतात, पण बाईला उद्देशून ती शिवी आहे. नवख्याने पे'र्रीता म्हणावं.
- शी म्हणजे 'काका. हो, काका. पार्कात र्रे'कोख़ा ला 'काका (शी उचला) असं कोणी म्हणालं की गंभीर चेहरा ठेवून पिशवी काढायची. घरच्या व्हिडिओ कॉलवर काका असतील तर हा विषय काढू नका.
- 'आतेलो, पोर फा'बोर म्हणजे “बांधा त्याला”. वाद न घालता पट्टा लावा.
- बऱ्याच गावांत शू झालेल्या जागी ओतायला पाण्याची बाटली बाळगावी लागते. लोकांच्या हातात बाटली दिसली की समजा, तुम्हालाही हवी.

## टप्पा 7: दुकान, बार, मेट्रो

2023 च्या प्राणिकल्याण कायद्याने (7/2023, अंमल 29 सप्टेंबर 2023 पासून) कुत्रा दुकानाबाहेर बांधून आत जाणं बंद केलं आहे. म्हणून दारातच विचारायचं: 'प्वेदो एन्'त्रार कोन एल 'पेर्रो? पाटीवर नो से आद्'मितेन 'पेर्रोस असेल तर विचारूही नका. से आद्'मितेन मास्'कोतास असेल तर खुशाल जा.

बारच्या बाहेरच्या टेबलावर बसल्यावर: मे 'पोने उन 'पोको दे 'आग्वा 'पारा एल 'पेर्रो, पोर फा'बोर? (कुत्र्यासाठी थोडं पाणी देता का?) बहुतेक ठिकाणी वाडगा लगेच येतो.

कोरडं खाणं म्हणजे 'प्येन्सो. याच शब्दाचा दुसरा अर्थ “मी विचार करतो”, त्यामुळे कोणी 'प्येन्सो के... असं बोलू लागलं तर तो खाण्याबद्दल बोलत नाहीये.

माद्रिद मेट्रोत कुत्रा शेवटच्या डब्यात, तोंडाला मुसकी आणि 50 सेंटिमीटरपर्यंतचा पट्टा लावून नेता येतो. कामाच्या दिवशी सकाळी 7:30 ते 9:30, दुपारी 2 ते 4 आणि संध्याकाळी 6 ते 8 या गर्दीच्या वेळा टाळायच्या. शेवटचा डबा म्हणजे एल 'उल्तिमो 'कोचे.

> सावधान. रॉटवायलर, पिटबुल टेरियर, अकिता अशा आठ जाती कायद्यात “संभाव्य धोकादायक” आहेत. लोक म्हणतात पे-पे-पे (पीपीपी, या स्पॅनिश नावाची आद्याक्षरं). अशा कुत्र्याला परवाना लागतो, बाहेर मुसकी आणि दोन मीटरपेक्षा लहान पट्टा हवाच. पोलीस पे-पे-पे? असं विचारतील तेव्हा ते थट्टा करत नसतात.

## टप्पा 8: डॉक्टरांकडे

अपॉइंटमेंटला 'सीता म्हणतात. विसरायची सोयच नाही. फोनवर: के'रिआ पे'दिर 'सीता 'पारा मि 'पेर्रो.

पोहोचल्यावर पहिलं वाक्य एस्'ता 'मालो (आजारी आहे). एस 'मालो म्हणालात तर “दुष्ट आहे” असा अर्थ होतो. कायमचा स्वभाव सांगायला एस, आत्ताची अवस्था सांगायला एस्'ता. उलटंही तितकंच घातक: एस 'ब्वेनो म्हणजे गुणी, एस्'ता 'ब्वेनो म्हणजे चवदार.

लक्षणं छोट्या वाक्यांत सांगा, व्याकरणाच्या मागे लागू नका:

- आ बोमि'तादो (उलटी झाली)
- 'त्येने दिआ'र्रेआ (जुलाब होताहेत)
- नो 'कोमे 'देस्दे आ'येर (कालपासून खात नाही)
- को'ख़ेआ (लंगडतो)
- आ को'मीदो चोको'लाते (चॉकलेट खाल्लं)

बद्धकोष्ठ सांगताना इंग्रजी शब्द आठवून कोन्स्ति'पादो म्हणू नका, त्याचा अर्थ सर्दी झालेला. बरोबर शब्द एस्त्रे'न्यीदो.

आता चार शब्द असे, जे तुम्ही बोलणार कमी पण ऐकणार नक्की. गार्रा'पाता सोपा: गोचीड. एस्'पीगा म्हणजे गवताचं कुसळ; उन्हाळ्याच्या तोंडाला कानात आणि बोटांच्या बेचक्यात शिरतं, कुत्रा एकसारखा डोकं झटकायला लागतो. लेइस्मा'न्योसिस हा माशीसारख्या बारीक किड्याच्या चाव्यातून होणारा रोग, भूमध्य समुद्राच्या बाजूला सर्रास. आपल्या काळ्या आजाराच्या गोत्रातला, फक्त इथे कुत्रे त्याला जास्त बळी पडतात. त्यावरच्या खास गळपट्ट्याबद्दल डॉक्टर विचारतीलच.

चौथा शब्द हलक्यात घेऊ नका: प्रोसेस्यो'नार्या. पाइनच्या झाडांवरून हिवाळ्याच्या शेवटी आणि वसंतात एकामागोमाग रांगेने उतरणारे सुरवंट. माद्रिदच्या 'कासा दे 'काम्पोसारख्या पाइनच्या रानात त्यांची पांढरी घरटी फांद्यांना लटकलेली दिसतात. कुत्र्याने हुंगलं किंवा चाटलं तर केसांच्या विषाने जीभ सुजते आणि काळी पडू शकते. तोंड पाण्याने धुवा, पण चोळू नका, आणि तडक उर्'ख़ेन्स्यास (तातडीचा विभाग) गाठा. सांगायचं एकच वाक्य: आ तो'कादो 'उना प्रोसेस्यो'नार्या. बाकी ते बघतात.

> विसरू नका. भारतात बसवलेली चिप स्पेनच्या नोंदवहीत आपोआप येत नाही. पहिल्याच भेटीत विचारा: 'प्वेदे दार दे 'आल्ता एल चिप? (चिपची नोंद करता का?) नाहीतर कोणी सापडलेल्या कुत्र्यावर यंत्र फिरवलं, तरी तुमचं नाव निघणार नाही.

## टप्पा 9: कुत्र्याला स्पॅनिश शिकवायचं का?

माझ्या मते नाही. “बस”, “थांब”, “ये” त्याला कळतं, ते तसंच राहू द्या. एका घरात एका कामाला एकच शब्द. स्पॅनिश लागतं ते सांभाळायला येणाऱ्या माणसासाठी. त्याला एक चिठ्ठी करून द्या: डावीकडे तुमचा मराठी शब्द त्यांच्या लिपीत, उजवीकडे स्पॅनिश. बस म्हणजे 'स्येन्ताते, ये म्हणजे बेन, थांब म्हणजे 'क्येतो (कुत्री असेल तर 'क्येता), सोड म्हणजे 'स्वेल्ता. “ये” मोठ्याने म्हणून दाखवा. स्पॅनिश माणूस सहज या म्हणतो, कारण त्याच्या भाषेत या म्हणजे “बास आता”.

## टप्पा 10: कुत्रा हरवला तर

हे वाक्य घाईत, धापा टाकत म्हणावं लागतं, म्हणून जिना चढून आल्यावर सराव करा:

ए पेर्'दीदो आ मि 'पेर्रो. लो आ 'बिस्तो? (माझा कुत्रा हरवलाय. पाहिलात का?)

मग वर्णन: एस मे'द्यानो, मा'र्रोन, कोन को'यार 'र्रोख़ो. मध्यम, तपकिरी, लाल गळपट्टा. शेवटच्या एका शब्दात र्र आणि ख़ दोन्ही आले, त्यामुळे घाबरलेल्या माणसाची जीभ नेमकी इथेच अडकते. महिनाभर सराव करूनही 'र्रोख़ो निघत नसेल, तर निळा गळपट्टा घ्या. निळा म्हणजे आ'सुल.